दादांचा आठवडा

फळीखालून दिसणारा हात दादांचा नव्हता.

धाकटे तेव्हा कुणाच्या तरी पदवीच्या फोटोची काच कापत होते. हिरकणी तेलात बुडवून रेघ ओढून झाली होती. आता काच टेबलाच्या कडेवर धरून एक हलका झटका द्यायचा, की ती रेघेवर सरळ सुटते. तेवढ्यात नजर माशांच्या टाकीकडे गेली आणि झटका चुकला. काच रेघ सोडून तिरकी तुटली. सगळं आयुष्य काचेत गेलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं, पण तो हात बांगड्यांचा होता आणि पाण्यात मूठभर दाणे टाकत होता. फायटर माशाला मूठभर दाणे! एका वेळी तीन-चार पुरे होतात. जास्त झाले तर माशाचं पोट फुगतं आणि उरलेले कुजून पाणी नासतं. दादांच्या हातून दाणा पडायचा तो चिमटीतून, एकेक, मासा वर येऊन घेईल तसतसा.

हात वहिनींचा होता. मग दादा कुठे होते?

हे विचारायला फार लांब जायचं नव्हतं. आपल्या दुकानातून बाहेर पडायचं आणि शेजारच्या दुकानात शिरायचं. पण आई गेल्यावर मधे फळी पडली, तेव्हापासून तेवढं अंतर धाकटे चालले नव्हते. त्यांनी तुटलेली काच पेटीत टाकली आणि दुसरी घेतली.

दुकान मुळात एकच होतं. फोटोंच्या फ्रेमा, आरसे, खिडक्यांच्या काचा. दादा गिऱ्हाईक बघायचे, मापं घ्यायचे, आणि धाकटे कापायचे, घासायचे, भोकं पाडायचे. काचेला भोक पाडणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही, ते धाकट्यांनीच करावं. बाजारात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. दादांचा धाकटा भाऊ, म्हणून धाकटे. केस पिकले, दाढा पडल्या, तरी धाकटेच.

ती टाकी दोघांनी मिळून केलेली. तरुणपणी, दुकानाची जाहिरात म्हणून. मागच्या भिंतीला लागून, जाड काचेची, चांगली लांबलचक. आत दुधी काचेचे तीन पडदे, म्हणजे चार खोल्या, आणि खोलीत एकेक नर फायटर. हे मासे दिसायला नवरदेव, पण दुसरा नर नजरेला पडला की कल्ले फुलवून अंगावर जातात आणि एकमेकांच्या चिंध्या करतात. म्हणून मधे दुधी काच. मात्र पडद्यांना तळाशी धाकट्यांनी बारीक भोकं पाडून ठेवली होती. त्यामुळे मासे चार, घरं चार, पण पाणी एकच. हवेचा पंपही एकच आणि पाणी कोमट ठेवणारा हीटरही एकच. लोक काच लावायला यायचे आणि मासे बघत उभे राहायचे.

मग आई गेली. धाकटे तेव्हा दुसऱ्या गावी एका हॉटेलात भिंतभर आरसे बसवत होते. निरोप मिळाला तसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. वाटेत गाडी बंद पडली. पोचले तेव्हा दिवस कलला होता, घर धुऊन काढलेलं होतं, आणि आईला पोचवून आलेले लोक चहा घेत होते. धाकटे दारातच उभे राहिले. दादा म्हणाले, "किती वेळ थांबणार रे? लोक खोळंबले होते."

एवढंच. दादा काही मुद्दाम लागेल असं बोलले नव्हते. थकल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं. पण धाकट्यांच्या मनात ते वाक्य काचेच्या कुसळासारखं शिरलं. काचेचं कुसळ दिसत नाही, निघत नाही, आणि हात लागला की टोचतं. लोक खोळंबले होते. कोण लोक? आणि मग मी कोण? हे धाकट्यांनी दादांना एकदाही विचारलं नाही. त्याऐवजी काचा आपटल्या, मापांवरून खुसपटं काढली, आणि महिना-दोन महिन्यांत दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली.

सुतार म्हणाला, "टाकी रिकामी करा आणि एका बाजूला सरकवा." दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "नको." त्यानंतर दोघं एकदम काही म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सुताराने डोकं खाजवलं, फळी टाकीच्या आकाराने कापली आणि मधल्या पडद्यावर आणून सोडली. पंपाची नळी, हीटरची वायर जायला पाण्याच्या वर, फळीच्या खाली वीतभर फट ठेवली. दोन खोल्या दादांच्या झाल्या, दोन धाकट्यांच्या. पाण्याची वाटणी मात्र काही होईना. शेवटी वहिनींनी तोडगा काढला. पाण्याचं एक आठवडा दादांनी बघायचं, एक आठवडा धाकट्यांनी. ज्याचा आठवडा त्याचं पाणी, दुसऱ्याने बोट बुडवायचं नाही.

समोरचा किल्लीवाला म्हणायचा, "भाऊ भाऊ एकमेकांना पाण्यात बघतात हे ऐकलं होतं. यांनी त्यासाठी टाकीच बांधली!" सगळा बाजार हसायचा. धाकटेही हसायचे. फळीपलीकडूनही हसल्याचा आवाज यायचा.

तरी दोघं बोलत नव्हते असं म्हणणं बरोबर नाही. ते माशांशी बोलायचे. फळीलगतच्या खोलीत दादांचा लाल्या होता, त्याच्या शेजारी अलीकडे धाकट्यांचा निळ्या. फायटर काही माणसाएवढं जगत नाहीत. हा लाल्या कितवा होता कोण जाणे, पण त्या खोलीत येईल तो लाल्याच. दादा दाणे टाकता टाकता खणखणीत आवाजात म्हणायचे, "काय लाल्या, उद्या दिवसभर वीज नाही म्हणे. पंपाचं काय करायचं रे बाबा?" की अलीकडून धाकटे आपल्या माशाला सांगायचे, "निळ्या, आपल्याकडे बॅटरीचा पंप आहे. उगाच कुणी जिवाला घोर लावून घेऊ नये." दादांच्या मुलीला नोकरी लागली ते धाकट्यांना लाल्याच्या कृपेने कळलं. धाकट्यांचा मोतीबिंदू काढला ते दादांना निळ्याने कळवलं. एकदा दादा हळूच म्हणाले, "लाल्या, आईला जाऊन आज वर्ष झालं." त्या दिवशी निळ्याकडून उत्तर गेलं नाही.

म्हणून वहिनींचा हात बघून धाकटे हबकले. तो हात गप्प होता.

खबर घरी बायकोकडून कळली. दोघी जावांनी ती फळी कधी मानलीच नव्हती. भाजी घेताना, औषधांच्या दुकानात, दोघींचं सगळं चालू असायचं.

"दादांचं हृदय थकलंय," बायको ताटात वाढता वाढता म्हणाली. "पायांवर सूज आहे. जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. जाऊन या."

"बोलावलंय का त्याने?"

"आजारी माणूस काय पत्रिका छापणार आहे?"

"बोलावू दे. त्या पावली जाईन."

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा," ती म्हणाली आणि भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

धाकट्यांना जायचं नव्हतं असं नव्हे. जायचंच होतं. दादाला काही होण्याआधी एकदा समोरासमोर बसायचं, माशाबिशाला मधे न घेता, हे त्यांच्या मनाने केव्हाच ठरवलं होतं. फक्त पहिलं पाऊल दादाने टाकावं, एवढीच अट होती. आणि दादा अंथरुणातून उठू शकत नव्हते.

तो आठवडा दादांचा होता. पाणी आटून खाली गेलं होतं. संध्याकाळी धाकटे आवराआवर करत असताना पलीकडे बादली ओतल्याचा आवाज आला. मग आणखी एक बादली. आणि आणखी एक. धाकट्यांनी वाकून पाहिलं. पाणी पडद्यांच्या वर चढून टाकीच्या काठाला टेकलं होतं. पडद्यांची कड पाण्याच्या वर दोन बोटं तरी राहिली पाहिजे, फायटर पाळणाऱ्याने शिकायची ही पहिली गोष्ट. कड बुडाली की चारही खोल्यांची दारं सताड उघडी. वहिनींना ते काय ठाऊक? त्यांना वाटलं, मासा म्हणजे पाणी, जितकं जास्त तितकं त्याला सुख.

धाकट्यांना सगळं ठाऊक होतं. मगाने थोडं पाणी उपसलं असतं की काम झालं असतं. फळीवर टकटक केली असती तरी चाललं असतं. हात मगाकडे गेलासुद्धा. पण मग ते मनाशी म्हणाले, आपला आठवडा नाही. इतकी वर्षं दादांच्या आठवड्यात त्यांनी पाण्याला बोट लावलं नव्हतं, आणि दादांनीही त्यांच्या आठवड्यात लावलं नव्हतं. भावाभावांत तेवढी एकच गोष्ट सुरळीत चालली होती. ती आपण मोडायची नाही. मासेही आता निजतील, सकाळी वहिनींच्या लक्षात येईल. माणसाला सबबी काय कमी असतात! पलीकडचं शटर पडलं, मग त्यांनी आपलंही ओढलं आणि ते घरी गेले.

सकाळी निळ्या सगळ्या टाकीत जहागीरदारासारखा फिरत होता. बाकीचे दोघे, पांढरा आणि हिरवा, आपापल्या कोपऱ्यात झाडांमागे अंग चोरून बसले होते. लाल्या धाकट्यांच्या बाजूला तळाशी आडवा पडला होता. ज्या शेपटीवर दादांचा जीव, तिच्या नुसत्या दशा राहिल्या होत्या. एका बाजूचे खवले निघाले होते. मधूनच तो कसाबसा वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि परत खडीवर जाऊन पडायचा. मेला असता तर एक वेळ सुटलो असतो, असं धाकट्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

पलीकडचं शटर वर गेलं. मग "अगं बाई!" आणि मग त्या फटीतून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माशाला न मारलेली हाक आली.

"भावजी... लाल्या तुमच्याकडे आलाय का हो?"

"आलाय, वहिनी."

"आहे ना पण?"

"आहे. लागलंय त्याला."

वहिनी रडू लागल्या. "मीच पाणी घातलं हो. हे म्हणाले, पाण्याकडे बघ. मी बघितलं, कमी वाटलं, घातलं. रोज विचारतात, लाल्या काय म्हणतो, लाल्या काय म्हणतो. आता काय सांगू? दुसरा तांबडा आणून सोडू का? तिकडे अंथरुणात यांना काय कळणार?"

"त्याला कळेल," धाकटे म्हणाले. "तुमच्या तोंडावरून कळेल. मी करतो लाल्याला बरा. बरा झाला की घरी आणून देतो. तोवर बोलू नका काही."

"याल ना पण नक्की?"

"येतो म्हटलं ना."

पाणी आपण काल बघितलं होतं, हे मात्र त्यांच्याच्याने सांगवेना.

मग त्यांनी दादांच्या आठवड्यात पहिल्यांदा पाण्यात हात घातला. पाणी उपसून पडद्यांच्या खाली आणलं, तिघांना आपापल्या खोलीत सोडलं, आणि लाल्याला एका रुंद तोंडाच्या बरणीत काढून टेबलाखाली, सावलीत ठेवलं. माशाला जखम झाली की दादा बदामाची वाळकी पानं पाण्यात घालायचे. पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि जखम भरून येते. शाळेच्या मागे बदामाचं झाड होतं. धाकटे पिशवी घेऊन तिथे पानं वेचू लागले. शाळेच्या रखवालदाराला वाटलं, म्हाताऱ्याचा नट ढिला झाला. रोज पाणी बदलायचं, रात्रभर ठेवून शिळवलेलं, ना गार ना ऊन, त्यात पान टाकायचं, बरणीवर फडकं घालायचं. गिऱ्हाईक काच मागायला यायचं तर धाकटे टेबलाखाली डोकं घालून बसलेले.

"मुलांच्या गोवरात सुद्धा इतके जागचे हलला नव्हतात," बायको म्हणाली.

काही दिवसांनी लाल्याने दाणा घेतला. धाकट्यांना इतका आनंद झाला की दुपारी डबा खायला ते घरीच गेले, बायकोला सांगायला.

"छान झालं," ती म्हणाली. "आता जा."

"असा कसा जाऊ? शेपटी बघितलीस का त्याची? दादा म्हणेल, काय करून आणलास."

"अहो, त्यांचे डोळे तुमच्या वाटेकडे लागलेत. मासा नका नेऊ. स्वतःला न्या."

"शेपटी जरा भरू दे."

शेपटी भरते, पण आपल्या चालीने भरते. आधी फाटलेल्या कडेला काचेसारखा बिनरंगी पापुद्रा धरतो, मग तो लांबतो, मग कधीतरी त्यात रंग उतरतो. तेवढी सवड दादांकडे असेलच असं नाही, हे धाकट्यांना कळत नव्हतं थोडंच? पण मोकळ्या हाताने गेलं म्हणजे स्वतःहून गेलं. मासा हातात असला की कामाला गेल्यासारखं होतं. इतक्या वर्षांच्या अबोल्याला त्यांना तेवढा आडोसा हवा होता. म्हणून ते रोज सकाळी बरणी उजेडात धरायचे, शेपटी बघायचे आणि म्हणायचे, अजून थोडी.

एका दुपारी पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. पाय ओढत कुणीतरी आत आलं. खुर्ची सरकली.

"बाबा, पाचच मिनिटं हं," हा पुतणीचा आवाज. "आईला कळलं तर माझं काही खरं नाही. मी बाहेर गाडीपाशी थांबते."

धाकटे टेबलाशी होते. हातातली हिरकणी त्यांनी आवाज न करता ठेवली. फटीतून पाण्यावर एक हात आला. हात दादांचाच, अंगठ्याच्या बुडाशी काचेचा तो जुना व्रण, पण कातडी हाडांना चिकटलेली आणि नखं निळसर. चिमटीत दाणे नव्हते. हात नुसताच पाण्यावर थांबला. खाली लाल्याची खोली रिकामी होती.

"लाल्या," दादा म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "नाहीस होय तू इथे? ही सांगते, झाडामागे झोपलाय. खोटं बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, एवढंही कळत नाही तिला." ते दम घ्यायला थांबले. "असू दे. जिथे असशील तिथे बरा असशील. तिथले हात चांगले आहेत."

धाकट्यांचा एक हात टेबलाखालच्या बरणीवर होता. वाक्य तयार होतं. निळ्या, सांग त्याला, लाल्या आहे म्हणावं, खातोय, रविवारी घेऊन येतोच. एवढंच म्हणायचं होतं. पण आता तोंड उघडलं तर रडू फुटेल आणि ते पलीकडे ऐकू जाईल, या भीतीने त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"एक सांगायचं होतं रे लाल्या," दादा म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. हात पाण्यावर तसाच होता. धाकट्यांना कळत होतं, तो उत्तराची वाट बघतोय. आधी निळ्याने काहीतरी म्हणावं, मग उरलेलं तो सांगेल. निळ्या आपल्या खोलीत गोल गोल फिरत होता. पंप बुडबुडत होता.

"बाबा, चला आता."

हात मागे गेला. खुर्ची सरकली. धाकटे धडपडत उठून दुकानाच्या दारात आले, तोवर गाडी वळणावर पोचली होती. मागच्या काचेतून दादांचं डोकं दिसलं, सीटच्या पाठीला टेकलेलं. हाक मारली असती तरी पोचली नसती. तरी मारायला हवी होती, असं त्यांना पुढे नेहमी वाटत राहिलं.

त्या दिवसापासून मात्र त्यांनी ठरवून टाकलं. शेपटी भरो न भरो, येत्या रविवारी जायचं. झाकणाची लहान बरणी घासून ठेवली. झाकणाला हवेसाठी भोकं पाडली. बायकोने इस्त्री केलेला सदरा काढून ठेवला. लाल्याच्या शेपटीच्या कडेला खरोखरच फिकट लाली उतरू लागली होती.

शनिवारी सकाळी किल्लीवाला रस्ता ओलांडून आला. नेहमी तो दारातूनच काहीतरी ओरडायचा. आज तो चपला काढून आत आला, तेव्हाच धाकट्यांना कळलं.

"धाकटे," तो म्हणाला, "दादा गेले. पहाटे."

बायको परस्पर तिकडे गेली होती. धाकट्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि ते टाकीसमोर बसून राहिले. जायचं होतं ते दादाला भेटायला. आता कुठल्या तोंडाने जायचं? सगळे विचारतील, आजवर कुठे होतात? वहिनी विचारणार नाहीत, पण नुसत्या बघतील. आपण उठलोच नाही तर काय होईल, असाही विचार त्यांनी केला. काही होणार नाही. दादाला न्यायचं ते याच रस्त्याने. इथेच दारात उभं राहू, हात जोडू. आईच्या वेळी तेवढंही मिळालं नव्हतं.

ते वाट बघत बसले. रस्त्यावरून रोजच्या गाड्या गेल्या, दूधवाला गेला, शाळा सुटली तशी मुलं गेली. ऊन डोक्यावर येऊन कलायला लागलं. ती गाडी काही आली नाही. एवढा उशीर का लावतायत, या विचाराने धाकटे अस्वस्थ झाले.

शटरखालून वाकून पुतणी आत आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले.

"काका."

"नेलं का दादाला? दुसऱ्या रस्त्याने नेलं का?"

"नाही. तुम्ही आला नाहीत ना."

"माझ्यासाठी कशाला ग थांबायचं? लोक आलेले असतील..."

"बाबांनी सांगून ठेवलंय." ती त्यांच्यासमोर खालीच बसली. "परवा, नीट बोलता येत होतं तेव्हा. मला जवळ बोलावलं आणि माझ्या तोंडून वदवून घेतलं. म्हणाले, काका आल्याशिवाय मला हलवायचं नाही. लोक खोळंबले तर खोळंबू देत. कुणी घाई केली तर सांग म्हणाले, एकदा मी केली होती."

धाकटे रडले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं टाकून, मोठ्याने. फळीपलीकडे कुणी ऐकेल, ही धास्ती आता उरली नव्हती. पुतणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना पुरतं रडू दिलं. मग ते उठले, सवयीने बरणी उचलायला वाकले.

"राहू दे काका. नंतर."

त्यांनी बरणी परत सावलीत ठेवली आणि ते तसेच तिच्याबरोबर निघाले.

दादांच्या इमारतीखाली माणसं होती. काही खुर्च्यांवर, काही कट्ट्यावर, काही भिंतीच्या सावलीला उभी. सकाळपासून ताटकळलेली, पण धाकटे आले तेव्हा कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, कुणी चुकचुकलं नाही. नुसती वाट करून दिली. गाडीचा ड्रायव्हर पायरीवर बसला होता, तोही उठून उभा राहिला.

वरच्या खोलीत धाकटे दादांजवळ बसले. चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत इतक्या जवळून बघितला नव्हता. फळीखालून दिसायचा तो फक्त हात. चेहरा हुबेहूब वडिलांसारखा झाला होता, आणि हे होताना आपण बघितलं नाही, याचं धाकट्यांना फार वाईट वाटलं. वहिनी दादांच्या उशाशी होत्या. त्या खाली वाकल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "अहो, आले बघा भावजी."

"दादा, आलो," धाकटे म्हणाले. त्यांनी दादांचा हात हातात घेतला आणि ते बसून राहिले. कुणीही त्यांना उठवायला आलं नाही.

बऱ्याच वेळाने दारातून कुणीतरी हलकेच विचारलं, "निघायचं का?" वहिनींनी धाकट्यांकडे पाहिलं. पुतणीने पाहिलं. जिन्यातल्या माणसांनीही.

"चला," धाकटे म्हणाले.

जिन्यावरून उतरवून फाटकापर्यंत खांद्यावर न्यायचं होतं. पुढची उजवी बाजू धाकट्यांनी घेतली. ते अंगाने लहानखुरे, आणि बाकीचे तिघे चांगले उंच. खाली सपाटीवर आल्यावर दादा धाकट्यांच्या बाजूला कलू लागले. धाकटे टाचा उचलून चालायला लागले. मागून खांदा दिलेल्या किल्लीवाल्याने ते बघितलं. त्याने गुडघे वाकवले. ते बघून दुसऱ्यानेही वाकवले, तिसऱ्यानेही. धाकट्यांच्या टाचा जमिनीला टेकल्या, आणि ते तिघे तसेच, वाकल्या पायांनी, त्यांच्या उंचीने फाटकाकडे चालत गेले.